बॅरी अ‍ॅलन वाढला की नुसता दमला?

बॅरी म्हणजे 'द फ्लॅश' या अमेरिकन मालिकेचा नायक, विजेच्या वेगानं पळणारा सुपरहिरो. प्रश्न इथल्याच, सोलापूरच्या एका कॉलेजच्या नाट्यसंघातल्या मुलाचा आहे. तो लिहितो: "सर, 'द फ्लॅश' पूर्ण बघून झाली, आता दुसऱ्यांदा बघतोय. पहिल्या सीझनचा बॅरी जीव लावतो. पुढं मात्र तो तेच तेच करतो. चुकतो, रडतो, सॉरी म्हणतो, परत तीच चूक. मित्र म्हणतात, 'काय बे, ह्यालाच कॅरेक्टर डेव्हलपमेंट म्हणतात की.' मला पटत नाही. युवा महोत्सवाची आमची एकांकिकापण अशीच अडकलीय. मागावर काम करणाऱ्याचा मुलगा, त्यानं हात लावला की कुठलंही यंत्र थांबतं. शेवटी तो सगळ्यांना वाचवतो, पण वाचणाऱ्याला काहीच वाटत नाही. पात्र वाढलं हे नेमकं कशावरून ओळखायचं?"

मी बरीच वर्षं रोज चालणाऱ्या मराठी मालिकांचे संवाद लिहिले, काही काळ पटकथेच्या टेबलावर बसलो, आणि मधल्या सगळ्या काळात इथं पोरांच्या एकांकिका बसवत राहिलो. सुपरहिरोच्या मालिका बघतो ते निव्वळ आवड म्हणून. पण धंद्याची खोड जात नाही. सीन संपला की पहिला विचार येतो, हा इथंच का ठेवला असेल?

तर उत्तर आधी सांगतो, मग पसारा. पात्रासमोर एकदा येऊन गेलेला पेच पुन्हा आणायचा, शक्यतो तोच, शक्यतो त्याच जागी. मग बघायचं, या वेळी तो काय निवडतो आणि त्याची किंमत कोण भरतं. त्यानं वेगळं निवडलं तर आत काहीतरी हललंय. तेच निवडलं, पण आता किंमत ठाऊक असून निवडलं, तरीही हललंय. यातलं काहीच नसेल तर मधली रडारड, मारामारी, नवा सूट, नवी शक्ती ही सगळी रोषणाई. बघायला छान असते, मी स्वतः मिटक्या मारत बघतो, पण तिला वाढ म्हणू नये.

'द फ्लॅश' या कसोटीला फार सोयीची आहे, कारण तिच्या लेखकांनी हा प्रयोग उघडपणे करून ठेवलाय. २०१५ मधला पहिल्या सीझनचा शेवट आठव. बॅरी अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईचा, नोराचा, खून झालाय. बाप हेन्री निर्दोष असून त्या खुनासाठी तुरुंगात सडतोय. बॅरीला लहानाचा मोठा केलाय डिटेक्टिव्ह जो वेस्टनं. आणि आता खुद्द खुनी, भविष्यातून आलेला इओबार्ड थॉन, त्याला म्हणतो की भूतकाळात जा, आईला वाचव, बदल्यात मला माझ्या काळात परत जाऊ दे.

बॅरी दोघांना विचारतो. जो म्हणतो, जा, बदल सगळं. हेन्री म्हणतो, जाऊ नकोस. आता जरा थांबून बघ यात कोणाचं काय जातंय. नोरा वाचली तर बॅरी जोच्या घरी वाढलाच नसता. म्हणजे जो स्वतःचा मुलगा गमवायचा सल्ला देतोय. आणि हेन्रीला बायको परत मिळाली असती, तुरुंग चुकला असता. तो नको म्हणतोय. दोन्ही बाप आपापल्या तोट्याचा सल्ला देतात. मी शिबिरात पोरांना हे दोन सीन पाठोपाठ दाखवतो, कारण प्रेम हा शब्द न उच्चारता प्रेम कसं लिहायचं याचा यापेक्षा सोपा धडा मला मालिकांमध्ये सापडलेला नाही.

मग तो जातो, त्या रात्रीत पोचतो. समोर भविष्यातून आलेला बॅरीच थॉनशी झुंजतोय, आणि तो हातानं खूण करतो की नको. हा बॅरी दाराआड थांबतो. आईवर वार होऊ देतो. थॉन निघून गेल्यावर तिच्याजवळ बसतो, मुखवटा काढतो, सांगतो की मी तुझा बॅरी आहे, मी ठीक आहे, बाबापण ठीक आहेत. मालिका सुरू झाल्यापासून ज्याची एकमेव ओळख पळणं आहे, तो माणूस इथं एका जागी उभा राहतो. ग्रँट गस्टिनचा चेहरा इथं अर्धं काम करतो, पण उरलेलं अर्धं काम लेखनाचं आहे. त्याच्याकडे वेग होता, संधी होती, हक्क होता, आणि त्यानं ते वापरलं नाही.

एक खोट मात्र आहे. त्यानं थांबायचं ठरवलं ते दुसऱ्या बॅरीनं हात दाखवला म्हणून. निर्णय थोडा उसना आहे. ही खोट लक्षात ठेव, पुढं हिचंच मोठं दुखणं होतं.

२०१६, दुसऱ्या सीझनचा शेवट. त्या वर्षीच्या खलनायकानं, झूमनं, हेन्रीला मारलंय, बॅरीच्या डोळ्यांदेखत, त्याच घरात जिथं आई गेली. बॅरी झूमला हरवतो. सगळे जिंकलेत, आयरिस, जोची मुलगी आणि बॅरीचं प्रेम, त्याला सांगते की मी थांबेन तुझ्यासाठी, आणि तो वळून पळत सुटतो, थेट त्याच रात्रीत, आणि या वेळी थॉनला आडवा करून आईला वाचवतो. आणि दाराआड कोण उभं आहे? मागच्या वर्षीचा बॅरी. तो हे बघतो आणि बघता बघता विरून जातो.

मला विचारशील तर नऊ सीझनमधला पात्रलेखनाचा सर्वांत धाडसी क्षण हा आहे. आदल्या वर्षी शहाणा झालेला बॅरी, आईला जाऊ देणारा बॅरी, याला दुःखात बुडालेला बॅरी अक्षरशः पुसून टाकतो. तू याला "परत तीच चूक" म्हणतोस. पण पहिल्यांदा त्यानं ती केलीच नव्हती! तोच पेच, तीच जागा, वेगळी निवड. माझ्या कसोटीला हे शंभर टक्के उतरतं. फक्त दिशा खालची आहे. पात्र वाढलं म्हणजे ते भलं झालं असं आपण धरून चालतो, त्यात शाळेतल्या निबंधांचा हात आहे. माणूस खचला, कडू झाला, आधी जे सोसलं ते आता सोसवेना, हीसुद्धा वाढ, फक्त तिचं कारण दिसलं पाहिजे. इथं कारण ढळढळीत आहे. पहिल्या वेळी "बाबापण ठीक आहेत" असं तो आईला सांगू शकला होता. आता ते वाक्य खोटं झालंय. ज्या आधारावर तो थांबला होता तोच काढून घेतलाय.

म्हणून दुसऱ्या सीझनपर्यंत मी तुझ्या मित्रांच्या बाजूनं. तिसऱ्यापासून तुझ्या.

तिसरा सीझन उघडतो तेव्हा बॅरी आईबापासोबत नव्या काळात राहतोय, थॉनला पिंजऱ्यात कोंडलंय, आणि आठवणी एकेक करून पुसल्या जातायत. केवढा ऐवज आहे हा. माणसानं जगाची मोडतोड करून सुख मिळवलंय आणि त्या सुखात तो स्वतः विरघळतोय. आणि लेखकांनी हे सगळं एका भागात आटोपलं. पहिल्याच भागाच्या शेवटी बॅरी थॉनलाच विनवतो, जा, माझ्या आईला मार. हे वाक्य लिहिणाऱ्याला मी सलाम करतो, पण या वाक्यापर्यंत यायला निदान पाच-सहा भाग हवे होते. आई रोज सकाळी हाक मारतेय, आणि तिला मरू द्यायचा निर्णय मनात पिकतोय, असे पाच-सहा भाग.

त्याहून मोठी गडबड पुढं आहे. तो परत येतो तर जग थोडं बदललेलं. बॅरीच्या टीममधल्या सिस्कोचा भाऊ दान्ते गाडीच्या अपघातात गेलेला. टीममधल्याच केटलिनच्या अंगात ती गोठवणारी शक्ती शिरलेली. म्हणजे निवड बॅरीची आणि बिल दुसऱ्यांच्या नावावर. हे वाईट नाही. उलट यातून फार मोठं नाटक होऊ शकलं असतं, भाऊ गमावलेला मित्र आणि त्याला कारण झालेला नायक रोज एकाच खोलीत काम करतात. काही भाग ते झालंही. सिस्कोचा थंडपणा चांगला लिहिलाय. आणि त्यानं माफ कसं केलं आठवतंय? बॅरीनं समजावलं म्हणून नव्हे. चार मालिकांच्या त्या जोडभागात सिस्को स्वतः १९५१ सालात जाऊन इतिहासात हात घालून बसतो, त्याचे परिणाम बघतो, तेव्हा त्याला कळतं की चांगल्या हेतूनं माणूस काय करून ठेवू शकतो. उत्तम कारण, कृतीतून आलेलं. फक्त ते आलं 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' या दुसऱ्याच मालिकेच्या भागात. जो ती मालिका बघत नाही त्याला एका आठवड्यात सिस्को रागावलेला दिसतो आणि पुढच्या आठवड्यात निवळलेला. हे चॅनेलचं गणित, पात्राचं नव्हे.

तिसऱ्या सीझनची कल्पना खरं तर माझी सगळ्यात आवडती. खलनायक सॅव्हिटार हा बॅरीच निघतो, आयरिस गेल्यावर सगळ्यांनी झिडकारलेला, चेहरा जळलेला, भविष्यातला एक उरलेला बॅरी. न पचवलेलं दुःख माणूस म्हणून समोर येऊन उभं राहतं. बॅरी एकदा त्याला आपलंसं करून बघतो, घरात घेऊ पाहतो, आणि तो अर्धवट येतोही. तो एक सीन मालिकेनं आणखी ताणला असता तर मी नंतरचे सगळे सीझन माफ केले असते. त्याऐवजी चिलखत, स्फोट, धावाधाव. मग शेवटी बॅरी प्रायश्चित्त म्हणून स्पीड फोर्सच्या, म्हणजे त्याला वेग देणाऱ्या शक्तीच्या, कैदेत जातो, आपण हळहळतो, आणि चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात तो परत हजर. भरलेली किंमत परत मिळाली.

इथून पुढं तुला जो कंटाळा येतो त्याचं नाव मी सांगतो: कॉरिडॉरमधलं भाषण. दर भागात पस्तिसाव्या मिनिटाला बॅरीचा धीर सुटतो. स्टार लॅब्सच्या, म्हणजे बॅरीच्या टीमच्या प्रयोगशाळेच्या, कॉरिडॉरमध्ये कोणीतरी, जो, आयरिस, सिस्को, कधी एखादा वेल्स (या नावाच्या माणसाचे समांतर जगांतले अवतार येत राहतात), त्याला बाजूला घेतं आणि सांगतं की तुझा खरा वेग पायात नाही, मनात आहे. बॅरी मान हलवतो, पळतो, जिंकतो. पुढच्या मंगळवारी धीर पुन्हा सुटलेला. सुटणारच, कारण गेल्या वेळचं धैर्य त्याचं नव्हतंच, भाषण देणाऱ्याचं होतं. पहिल्या सीझनमध्ये हाताच्या खुणेनं जे सुरू झालं ते असं सवयीवर आलं. ऐकून सुधारलेलं पात्र टिकत नाही. आमच्याकडे मालिकेत सासूचं मतपरिवर्तन असंच व्हायचं, देवघरासमोर दोन पानी संवाद आणि डोळ्यांत पाणी. आम्ही लिहितानाच ओळखून असायचो की हे सोमवारपर्यंतच.

लेखक काही अडाणी नसतात. त्यांना हे कळत नाही असं समजू नकोस. 'द फ्लॅश' ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संपली, एकूण १८४ भाग. पहिले चारही सीझन २३-२३ भागांचे. दर आठवड्याला एक नवा बदमाश, वर्षभर पुरेल असा एक मोठा बदमाश, आणि या सगळ्याच्या मध्ये नायक, ज्यानं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अपुरा असायलाच हवं, नाहीतर मे महिन्यापर्यंत काय भरून काढणार? आमच्या रोजच्या मालिकांत तर हे आणखी कडक. नायिकेनं नवऱ्याला मनापासून माफ केलं तर ट्रॅक संपला. मग आम्ही लीप घ्यायचो: "पाच वर्षांनंतर", केसांची ठेवण वेगळी, चष्मा, आणि बाई एकदम कणखर. बदल झालेला, पण तो प्रेक्षकांच्या गैरहजेरीत. वाईट लेखन नेहमीच आळसातून येतं असं नाही. बऱ्याचदा ते वेळापत्रकातून येतं. मार्व्हलच्या 'डेअरडेव्हिल' या सुपरहिरो मालिकेला १३ भागांचे तीन सीझन मिळाले आणि तिथं नायक मॅट मर्डॉकपुढं खलनायक फिस्कला मारायचं की नाही हा एकच पेच शेवटपर्यंत ठेवता आला. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो त्याला मारत नाही, तेव्हा ते नाही म्हणणं जड वाटतं, कारण त्याआधी आपण त्याला खरोखर त्या टोकाला गेलेलं बघितलंय.

आता गंमत बघ. नायकाला मालिका हलू देत नाही, म्हणून हुशार लेखक खरी वाढ शेजारच्या पात्रांमध्ये लपवतात. तिथं कुणाचं लक्ष नसतं, चॅनेलचंही नसतं. एडी थॉन घे. पहिल्या सीझनमधला देखणा, थोडा बिनचेहऱ्याचा पोलीस, आयरिसचा प्रियकर. त्याला त्याच्याच वंशजाकडून, इओबार्डकडून, कळतं की इतिहासात तुझं नाव नाही, आयरिस बॅरीशी लग्न करणार, थॉन घराण्यातला तू विसरला गेलेला. एडी खचतो, आयरिसला सोडून जातो. मग परततो. आणि शेवटी कळतं की आपण नसलो तर इओबार्ड जन्मणारच नाही, तेव्हा तो स्वतःवर गोळी झाडतो. पेच पहिल्यापासून एकच: मी कुणीच नसेन तर काय करू? आधीचं उत्तर, निघून जातो. नंतरचं उत्तर, मग निदान हे करतो. कुणी भाषण दिलं नाही. एकाच सीझनमध्ये, नायकाच्या सावलीत, पूर्ण माणूस लिहून झाला. (नवव्या सीझनमध्ये त्याला परत आणून खलनायक केलं. त्याबद्दल मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो.)

तिसऱ्या सीझनमधला एच. आर. वेल्स माझा दुसरा लाडका. टॉम कॅव्हाना या नटाचे इतके वेल्स झाले, त्यात हा सगळ्यात बिनकामाचा. शास्त्रज्ञ म्हणून आला, निघाला लेखक, थापाड्या. कॉफी पिणार, ड्रमस्टिक्स फिरवणार. त्याच्या हातून आयरिसचा ठावठिकाणा सॅव्हिटारला कळतो. आणि मग तो चेहरा बदलायचं यंत्र वापरून तिच्या जागी उभा राहतो आणि मरतो. नाटक बघ: ज्याचं सगळं आयुष्य दुसरं कुणीतरी असल्याचं सोंग करण्यात गेलं, त्यानं शेवटचं सोंग घेतलं ते कुणाला तरी वाचवायला. तीच सवय, तोच गुण, फक्त या वेळी किंमत स्वतःची.

आयरिसवर मात्र अन्याय झाला. पहिल्या वर्षी सगळ्या पुरुषांनी मिळून तिच्यापासून गुपित लपवलं, तिच्याच सुरक्षेसाठी म्हणे, आणि ती पत्रकार! तिनं ते स्वतः ओळखलं हे बरं झालं. पुढं सॅव्हिटारच्या वर्षात ती बहुतेक वेळ "जिला वाचवायचंय ती" होऊन राहिली, पत्रकारिता गायब. चौथ्यात ती टीमची प्रमुख होते. अनेक चाहत्यांना ते खटकलं, मला नाही, पण त्या खुर्चीपर्यंत येताना तिनं चुकीचा हुकूम देऊन एखादी रात्र झोप गमावली, असं आपल्याला कुणी दाखवलं नाही. केटलिनचं तर नाव, केस आणि शक्ती इतक्यांदा बदलली की ती नेमकी काय निवडतेय हे विचारायची सोयच राहिली नाही.

आणखी एक भेसळ होते, ती ओळखायला शीक. गुपित उघडणं आणि पात्र वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'अ‍ॅरो'च्या पाचव्या सीझनमध्ये अ‍ॅड्रियन चेस हा खलनायक धनुर्धारी नायक ऑलिव्हर क्वीनला कोंडून, छळून त्याच्याकडून कबूल करून घेतो की मी माणसं मारली कारण मला ते आवडायचं. अंगावर काटा येतो. पण तो क्षण ऑलिव्हरला बदलत नाही, आपल्याला बदलतो. आधीचे चार सीझन आपण वेगळ्या नजरेनं बघू लागतो. वाढ झाली की नाही हे त्यानंतर कळणार, पुढचा माणूस त्याच्या बाणाच्या टप्प्यात आल्यावर. तुम्ही पोरं एकांकिकेत पाऊण वेळ बॅकस्टोरीवर घालवता, आई कशी गेली, बाप का पितो, आणि ते उघडलं की काम झालं असं समजता. तिथून खरं काम सुरू होतं.

याच 'अ‍ॅरो'त क्वेंटिन लान्सकडे बघ. मुलगी गेल्याचं खापर ऑलिव्हरवर फोडणारा, बाटलीला लागलेला, कायद्याला चिकटलेला पोलीस. मुखवटेवाल्यांना पकडायचं हे त्याचं आयुष्य, आणि त्याच्या दोन्ही मुली मुखवटा घालतात. त्याला दर वर्षी तोच प्रश्न येतो, कायदा की माणूस, आणि दर वर्षी उत्तर इंचभर सरकतं. मध्ये तो घसरतोही, पुन्हा पितो. पॉल ब्लॅकथॉर्ननं ते थकलेपण खांद्यात ठेवलंय. दुसऱ्यांदा बघशील तेव्हा ऑलिव्हर सोडून फक्त लान्सचे सीन बघ.

आता कुणी म्हणेल, सगळ्याच नायकांनी वाढायला हवं का? अजिबात नाही. आम्ही रविवारी दुपारी जेवणं उरकून 'शक्तिमान' बघायला बसायचो. १९९७ ते २००५ चाललेली मालिका, आणि शक्तिमान पहिल्या भागात होता तसाच शेवटपर्यंत. गंगाधरचे दात पुढं ते पुढंच. त्याला शंका येत नाही, तो तत्त्वं सांगतो, किल्विष अंधार मागतो. त्या मालिकेत बदलायचं काम भागातल्या पोराचं असायचं, जे खोटं बोललेलं असायचं किंवा आईवर ओरडलेलं. शक्तिमान हा मोजपट्टी होता, आणि मोजपट्टी वाढून कसं चालेल? कीर्तनात असंच असतं. देव जागेवर राहतो, हलतो तो भक्त. हा सरळ, जुना आणि चांगला प्रकार आहे. घोटाळा होतो तो न वाढणारा नायक घेऊन त्याच्याकडून दर आठवड्याला वाढल्याचा आव आणवला की. 'द फ्लॅश'चं मधलं दुखणं हेच आहे.

तुझ्या एकांकिकेकडे येतो. तू पाठवलेला खर्डा वाचला. कल्पना झकास आहे. हात लावला की यंत्र थांबतं, आणि जागा टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोडची एमआयडीसी. बाहेरगावच्या परीक्षकांना नवीन आणि आपल्याला रोजची. पण तुझा श्रीनिवास पहिल्या पानावर चांगला आहे आणि शेवटच्या पानावरही चांगलाच आहे, फक्त टाळ्या वाढल्यात. मध्ये त्याचे आजोबा भाषण देतात. ते भाषण काढ. सुंदर लिहिलंयस म्हणूनच काढ.

मग असं कर. दुसऱ्या प्रवेशात दोन माग शेजारी शेजारी ठेव. एकावर बाप, दुसऱ्यावर बापाचा जोडीदार. मागात आडवं सूत घेऊन ये-जा करतो तो टोकदार धोटा. धोटा उडतो. दोन्ही मागांपर्यंत पोचायला वेळ नाही, श्रीनिवास बापाचा माग थांबवतो, आणि शेजारच्याचा डोळा जातो. कुणालाही कळत नाही की त्याला निवड होती. बाप म्हणतो, देवाची कृपा. हे गुपित त्याच्या एकट्याकडे राहू दे. प्रेक्षकांना ठाऊक, रंगमंचावर कुणालाच नाही. त्यानंतर तू हवं ते लिही, मालक, कामगार, प्रेमप्रकरण, विनोद. पण शेवटी आग आणि शंभर माणसं नकोत. शेवटी पुन्हा तेच दोन माग. तोच जोडीदार, आता एका डोळ्यानं काम करणारा, आणि बाप. धोटा उडतो.

तो काय करेल ते मी सांगणार नाही. त्यानं जोडीदाराचा माग थांबवला तर बाप जाईल, आणि प्रेक्षकांना हायसं वाटायची सोय उरणार नाही. बापाचाच पुन्हा थांबवला तर या वेळी जोडीदार त्याच्याकडे बघत असला पाहिजे, म्हणजे गुपित संपलं. दोन्ही चालतील. चालणार नाही ते एकच, ऐन वेळी शक्ती दुप्पट होऊन दोन्ही माग थांबणं. बॅरीला ती सवलत फार वेळा मिळाली.

सुताच्या कांड्या भरणाऱ्या आईला फक्त भाकरी वाढायला ठेवलंयस. तिला काहीतरी दिसलेलं असू दे. दुसऱ्या प्रवेशात ती तिथंच होती ना? पोरगा आधी कुठल्या मागाकडे वळला हे तिनं बघितलं असेल, आणि जोडीदाराच्या बायकोला रोज पाणी भरताना ती भेटते. तुझ्या एकांकिकेतली एडी थॉन ती होऊ शकते.

भाषेचं एक. घरातले संवाद तू पुस्तकी मराठीत लिहिलेयस. सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांचं घर आहे, बाप रागावला की तेलुगूत रागावेल, आई अर्धं वाक्य मराठीत आणून सोडेल, आणि श्रीनिवास मित्रांशी "बे"शिवाय बोलणारच नाही. सोलापूरच्या प्रेक्षकांना सगळं कळतं, आणि बाहेरच्या परीक्षकांना आवाजावरून कळेल. दोन्ही मागांच्या प्रवेशांत मात्र संवाद जवळजवळ नकोतच. मागाचा आवाज रेकॉर्ड करून आणा, खरा, आणि तो इतका मोठा ठेवा की ओरडूनही ऐकू जाऊ नये. तो थांबतो तेव्हा कुठला माग थांबला हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला कानानं समजलं पाहिजे. त्यासाठी दोन मागांचे दोन वेगळे आवाज लागतील, डावीकडच्या स्पीकरला एक, उजवीकडच्याला एक.

पुढच्या वाचनाला पूर्ण संहिता आणू नकोस. ते दोन प्रवेश आण, आणि आईचा एक.